पाठ केलेला तक्ता

अमरावतीच्या एका संस्थेनं माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं. त्यांनी तिच्या गावात डोळे तपासणीचं शिबिर भरवलं, तिचा उजवा डोळा मंद होत चालला होता, आणि त्यांनी तिच्या हातात पिवळं कार्ड ठेवलं, दोन्ही डोळे उत्तम म्हणून. त्याला दोन वर्षं झाली. उजवा डोळा गेला. डावा राहतो की तोही त्याच वाटेनं जातो, हे अकोल्याच्या दवाखान्यात कळायचं होतं, म्हणून मागच्या डिसेंबरात मी सांगलीहून वऱ्हाडात गेले.

तिकडे न गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे. बसले रागानंच. पण ते दिवस आठवायला लागले की राग धुक्यात शिरतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. वाचणाऱ्यांनी दोन्ही सांभाळून घ्यावं.

माझ्याविषयी थोडं. डोक्यावर पाटी घेऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देत मी पंधरा वर्षं गल्ल्या हिंडले. आता सांगलीत भांड्यांचं माझं स्वतःचं दुकान आहे. शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकले ती भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं कोरता कोरता. घासाघीस अंगात भिनलेली आहे आणि तोंड कडक आहे, हे आमच्या पेठेत कुणालाही विचारा.

बडनेरा ते तिवसा

बडनेऱ्याला उतरले तेव्हा उजाडत होतं. धुकं इतकं दाट की फलाटाचं दुसरं टोक कुणी पुसून टाकल्यासारखं. हवेत ओल्या मातीचा आणि सरकीचा वास. दिव्यांचे नुसते पिवळे गोळे दिसत होते, खांब दिसतच नव्हते.

बाहेर एक रिक्षावाला बिडी ओढत उभा होता. अमरावतीच्या बसस्थानकापर्यंत जायचं होतं. मी सवयीनं भाव पाडायला लागले. सांगलीत रिक्षावाला यावर देवाच्या शपथा घेतो. हा शांतपणे बिडी विझवून म्हणाला, "बसा ना बाई. तुमी भांडून राहिल्या अन् मले थंडी वाजून राहिली." मी बसले. भाव त्याचाच राहिला, हे इथं कबूल करते.

तिवश्याची बस नागपूरच्या रस्त्याला लागली आणि धुकं हळूहळू वर उचलत गेलं. आधी काळी जमीन दिसली, मग तिच्यावर पांढरा कापूस, मग तुरी, आणि सगळ्यांत शेवटी आभाळ. आमच्याकडे उसाचं रान म्हणजे भिंत असते, पलीकडचं दिसत नाही. इथं नजर जाते तेवढी जाते. कापूस वेचणाऱ्या बाया लांबून पाण्यात उभ्या असल्यासारख्या वाटत होत्या.

शेजारच्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काऊन आल्या?"

का आलात, एवढंच. पुण्याची बाई रुसली असती. आमची सांगलीची भाषाही काही लोण्याची नाही, त्यामुळे मला बरं वाटलं. म्हटलं, बहिणीच्या डोळ्यासाठी. ती म्हणाली, "मंग बरोबर हाय," आणि पिशवीतून संत्रं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. गुरुकुंज मोझरीला बस थांबली. आश्रमाला आलेली माणसं उतरली, त्यांच्यात एका म्हाताऱ्याच्या खांद्याला खंजिरी लटकवलेली होती. तो उतरताना तिच्या चकत्या वाजल्या आणि मला आक्का आठवली. आक्का म्हणजे माझी बहीण सुमन. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गावच्या भजनी मंडळात तिच्याइतकी भजनं कुणाला येत नाहीत. एकदा ऐकलं की तिला पाठ.

तिवश्याच्या थांब्यावर दाजी मोटरसायकल घेऊन उभे होते. दाजी तरुणपणी संत्र्याचा ट्रक घेऊन सांगलीला यायचे आणि परतताना हळद भरून न्यायचे. एका खेपेला हळदीबरोबर आक्काला घेऊन गेले. त्याला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली.

"आली का साळीबाई," दाजी म्हणाले. मेहुणीला तिकडे साळी म्हणतात. "राग संगं आणला का गाडीतच राह्यला?"

"आणलाय."

"बरं केलं. इकडे त्याचाच तोटा हाय."

आक्काच्या घरी

गाव तिवश्यापासून आत आहे. आक्का दारात उभी होती. माझी चाहूल लागली तशी तिनं मान वळवली, कोंबडी वळवते तशी, एका बाजूनं. डावा डोळा माझ्याकडे आणायला तिला पूर्ण चेहरा फिरवावा लागत होता.

"शाले, जाड झाली वं तू," ती म्हणाली.

"दिसतंय की तुला."

"पावलाच्या आवाजावरून समजते."

सांगलीची आक्का आता नखशिखांत वऱ्हाडी झाली आहे. मले, तुले, करून राहिली. फक्त माझं नाव ती अजून आईसारखं घेते. जेवायला ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी आणि पातोडीचा रस्सा होता. बेसनाच्या वड्या त्या तिखटजाळ रश्श्यात पोहत होत्या. वर घालायला ती म्हणाली, परसातून सांबार आण. मी डाळीचं पातेलं शोधत बसले. दाजी हसले, म्हणाले, "साळीबाई, त्या हिरव्या पत्तीले आमी सांबार म्हणतो. तुमची कोथिंबीर."

जेवण झाल्यावर तिनं देव्हाऱ्यातून पिवळं कार्ड काढून दिलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, हळद-कुंकवाच्या डबीखाली जपून ठेवलेलं. सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येतं ते भांड्यावर कोरण्यापुरतं, एकेक अक्षर. एवढं कळलं की दोन्ही डोळ्यांपुढं एकच शब्द लिहिला आहे.

दाजी म्हणाले, "त्यायनं सांगतलं होतं, डोळे एकदम फस्क्लास. मंग ही म्हणे, मले धुंधुक दिसते. मी म्हणो, बाई, कार्डावर लिवलं हाय ना. शिकलेल्या मान्सानं लिवलं. तुह्या डोळ्याचं खरं का कार्डाचं?"

दोन वर्षं त्या घरात कार्डाचंच खरं ठरलं.

दुपारी आम्ही दोघी संत्र्याच्या बागेत गेलो. झाडांवर शेवटची फळं राहिली होती, ऊन पानांतून गाळून खाली पडत होतं. मी आक्काला म्हटलं, तुला कसं दिसतं, मला दाखव. तिनं माझी मूठ धरली, तिची नळी केली आणि माझ्या डाव्या डोळ्याला लावली. "दुसरा झाक." मी झाकला. जग ताटलीएवढं गोल झालं. त्यात एक संत्रं, चार पानं, आणि कडेला काही नाही. काळोख नव्हे, काहीच नाही. मी तशीच चालले. झाडं अचानक समोर येत होती, स्वप्नात येतात तशी, आणि तशीच निघून जात होती. खूप सुंदर होतं ते, खोटं कशाला बोलू. मी मूठ काढली. तिला काढता येत नाही.

"आधी दिव्याभोवती कडं दिसे," ती म्हणाली. "सात रंगाचं. डोकं दुखे अन् मंग कडं दिसे. मी तुले फोनवर सांगतलं होतं."

सांगितलं होतं. तेव्हा मी दुकानात माल मोजून घेत होते. मी हसून म्हटलं होतं, नशीबवान आहेस बाई, आम्हाला नुसता दिवाच दिसतो.

अमरावती

दुसऱ्या दिवशी दाजींना कापूस वेचणीमुळं निघता येईना. आम्ही दोघीच अमरावतीला आलो. संस्थेचं कार्यालय एका शांत गल्लीत होतं. पायऱ्यांवर ऊन पडलेलं, आत भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र. त्या डोळ्यासमोर आम्ही दोघी बराच वेळ बसलो. मी मनात माझी वाक्यं रचत होते. घासाघिशीत पहिलं वाक्य आपलं असावं.

तपासनीस आले. चाळिशीचे, अंगात स्वेटर, बोलणं पुस्तकातलं. "आपली काय तक्रार आहे?"

मी कार्ड टेबलावर आपटलं. "उजवा डोळा गेलाय. तुम्ही उत्तम लिहिलंय. कुणी लिहिलं?"

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. पळवाट काढतील असं वाटलं होतं. माणूस सरळ निघाला. उठून जाडजूड वही आणली, पान काढलं. "सुमनबाई. उजवा डोळा, तक्ता शेवटपर्यंत बरोबर. डावा डोळा, शेवटपर्यंत बरोबर. एकही चूक नाही. बाई, दिसत नसतं तर यांनी शेवटची ओळ कशी सांगितली असती?"

"ते मला विचारताय?"

"शिवाय हे बघा." त्यांनी कार्डाच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढी इंग्रजी ओळ होती. "त्रास वाटल्यास सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. छापलेलं आहे."

"कुणासाठी छापलंय?" मी विचारलं. "तिच्या गावात हे वाचणारा एक माणूस दाखवा. मी माझं तोंड बंद करते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. माझा आवाज एव्हाना गल्लीपर्यंत गेला असणार, कारण चहावाला दारातून डोकावून गेला. मी आणखी बरंच बोलले. ते इथं लिहीत नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. बारीक, चालीवर.

"वर. खाले. खाले. डावा. उजवा, वर, उजवा, खाले. डावा, डावा, वर..."

आक्का बोलत होती. हात मांडीवर, बोटं खंजिरीवर पडावीत तशी पडत होती. डोळे मिटलेले. तपासनीस वहीकडे बघायचं विसरून तिच्याकडे बघत राहिले. भिंतीवरच्या तक्त्यावर ओळीओळीनं खुणा असतात, इंग्रजी अक्षरासारख्या, तीन दातांच्या फणीसारख्या. दात कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही तपासता येतं. आक्कानं तो सगळा तक्ता म्हटला. शेवटच्या ओळीपर्यंत. एकदाही न अडखळता. दोन वर्षांनंतर.

"आक्का," मी म्हटलं, "हे तू तेव्हा बघून सांगितलंस का?"

"पाहून कशी सांगू? मले मांडवाचा खांब दिसत नव्हता त्या डोळ्यानं." ती शांतपणे म्हणाली. "रांग मोठी होये. पुढच्या साऱ्या बाया तेच म्हणत होत्या. तासभर ऐकलं. पाठ झालं."

"पण का?"

"माह्यापुढं मेळघाटातली एक बाई होती. कोरकू. पाहुणी आली असन कोणाकडे. तिले आपली बोली समजेना. साहेब विचारे, ती नुसती पाहे. साहेब मोठ्यानं विचारे, ती अजून चूप. मंग म्हणे, हिले बाजूले बसवा. ते बाई दिवसभर बाजूले बसली होती, शाले. तिले कोणी इचारलंच नाई." आक्कानं पदर सारखा केला. "मले वाटलं, ज्याले येत नाई त्याले बाजूले बसवतेत. मी पास झाली."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

तपासनिसांनी वही मिटली. "नियम असा आहे," ते हळू म्हणाले, "की तक्ता ज्याला सांगता येत नाही, त्यालाच पुढच्या यंत्रावर बसवायचं. डोळ्यातला दाब तिथं कळतो. यांनी बरोबर सांगितलं म्हणून यांना पुढं पाठवलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे नंतर लक्षात आलं. तेव्हा तो टोमणाच वाटला. "मग सांगा बाई, फसवलं कुणी कुणाला?"

टेबलावरचं कार्ड उचललं. मी आक्काचा हात धरून बाहेर आले.

राजकमल चौकाच्या बाजूला एका गाडीवर आम्ही गिला वडा खाल्ला. आक्काच तिकडे घेऊन गेली, वासाच्या मागानं. वडा रश्श्यात बुडवलेला, वर दही आणि तिखट. ती चवीनं खात होती. म्हणाली, "त्या साहेबावर लय ओरडली तू. मानूस वाईट नाई."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"बाजू नाई घेत. वडा थंडा होऊन राह्यला तुहा."

अकोला

अकोल्याच्या वाटेवर कापसाच्या गाठींचे ट्रक लागतात. ते जातात तसे पुंजके उडतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना चिकटतात. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात त्या बाभळी फुलल्यासारख्या दिसत होत्या. आक्कानं विचारलं, "कायचा बहार हाय हा?" मी म्हटलं, कापूस अडकलाय. ती म्हणाली, "नको सांगू वं तू. मले फुलंच दिसून राहिली होती."

दवाखाना मोठा. बाकांवर गावोगावची माणसं, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या. पाट्या इंग्रजीत आणि हिंदीत. आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, काळा बुरखा, तोंड उघडं, ओठ पानानं लाल. रशीदाबी. त्यांचं घराणं अकोल्यात गाद्या भरण्याच्या धंद्यात. नवऱ्याला घेऊन त्या तीन वर्षं इथं येत होत्या, त्याला आक्कासारखाच काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नस सुकत जाण्याचा आजार. नवऱ्याशी त्या उर्दूत बोलत आणि आमच्याशी आक्कापेक्षा चांगल्या वऱ्हाडीत. आक्काला त्यांनी विचारलं, "कोणती बाजू गेली?" आक्कानं दाखवली. "ह्यायचीबी तीच. दुसरी सांभाळा, बस."

डॉक्टरीण तरुण होत्या, दक्षिणेकडच्या. बोलणं गोड, पण इंग्रजी आणि थोडं हिंदी एवढंच. त्यांनी उजव्या डोळ्यात बघितलं, मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ सांगायला भाषा लागली नाही. डाव्याविषयी म्हणाल्या, "फील्ड देखना पड़ेगा. उसके बाद बता पाऊँगी."

फील्ड म्हणजे एक यंत्र होतं. आडव्या ठेवलेल्या पातेल्यासारखं, आतून पांढरंशुभ्र. माझ्या दुकानात असली पातेली लग्नाच्या जेवणासाठी जातात. त्यात तोंड घालून बसायचं, मधल्या खुणेकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठं बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र त्यावरून नकाशा काढतं, किती दिसतं आणि कुठं दिसत नाही त्याचा.

तपासणाऱ्या मुलीनं सांगितलं, "माजी, लाइट दिखे तो बटन दबाना. ठीक है?" आक्का म्हणाली, "ठीक है."

मी दाराशी उभी होते. खोलीत अंधार. यंत्र दर वेळी बारीकशी टिक करत होतं, आणि टिक झाली की आक्काचा अंगठा. टिक, अंगठा. टिक, अंगठा. मुलगी वैतागली. "माजी बार-बार ग़लत दबा रही हैं. लाइट नहीं है, फिर भी दबा रही हैं." तिनं थांबवलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. आता तर टिक व्हायच्या आधीच अंगठा पडत होता, तालावर, अगदी बरोबर समेवर.

मला त्या अंधारात लख्ख कळलं. आक्का पास होत होती.

आणि पुढचंही कळलं. ती अशीच पास झाली तर हा नकाशाही उत्तम निघेल, कार्डासारखा, आणि डावा डोळाही उत्तम म्हणून जाईल. मी आत शिरले. "आक्का, खोटं दाबू नकोस!" मी ओरडले. ती दचकली, अंगठा कधीही, कसाही पडायला लागला आणि मग सगळंच बिघडलं. मुलगी म्हणाली, तुम्ही बाहेर जा. माझं तोंड कडक आहे हे मी वर लिहिलंच आहे. त्याचा तिथं काही उपयोग नव्हता.

रशीदाबी माझ्या मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला केलं, आत गेल्या, आक्काजवळ खाली बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाई, हे परीक्षा नाई. इथं पास-नापास काई नाई."

"मंग?"

"गादीत हात घालून पाह्यतो ना आपण, कुठी कापूस हाय, कुठी पोकळ हाय? तसं ही मशीन पाहून राहिली. पोकळ असन तिथं पोकळ सांगा. दिवा दिसला तं दाबा. नाई दिसला तं चूप बसा. चूप बसणंबी जवाबच हाय."

"बाजूले तं नाई बसवत?"

"मी हाओ ना. मी बसतो तुमच्या बाजूले."

आक्कानं पुन्हा पातेल्यात तोंड घातलं. टिक. अंगठा हलला नाही. टिक. हलला नाही. टिक. अंगठा पडला. मी दाराच्या चौकटीला धरून तो अंगठा बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. तो न पडणारा अंगठा बघताना एकेका टिकेला मी एकेक पोकळ जागा मोजत होते, आणि तरी वाटत होतं की आक्का पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगते आहे.

नकाशा आला. कडेनं काळा, मध्ये उजेड. संत्र्याच्या बागेत मुठीतून दिसली होती तीच ताटली.

डॉक्टरीण म्हणाल्या ते रशीदाबींनी आम्हाला आमच्या बोलीत सांगितलं: जे गेलं ते परत यायचं नाही. जे आहे ते राखता येईल. दोन औषधं, जन्मभर, एक दिवस न चुकवता. एक दिवसातून दोनदा, एक रात्री झोपताना.

बाटल्या मिळाल्या त्या सारख्याच, पांढऱ्या, बोटाएवढ्या. वर इंग्रजी. आक्कानं त्या दोन तळहातांवर ठेवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळेना काय करावं. मग रशीदाबींच्या बटव्यात गादी शिवायचा दाभण दिसला. तो मागून घेतला. भांड्यावर नाव घालते तसं, टोक टेकवून हळूहळू, मी एका झाकणावर एक ठिपका कोरला आणि दुसऱ्यावर दोन. आक्कानं अंगठा फिरवून पाहिला. "एक म्हंजे झोपताना. दोन म्हंजे दोनदा." रशीदाबींनी नवऱ्याच्या बाटल्या काढल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "ह्यायच्याबी करून द्या."

तिथं बाकावर बसून मी आणखी सात जणांच्या झाकणांवर ठिपके कोरले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात ते काम भांडीवालीनं करायचं राहिलं होतं.

मोझरी

परतताना आक्काच्या हट्टानं मोझरीला उतरलो. संध्याकाळची प्रार्थना सुरू व्हायची होती. माणसं ओळीनं खाली बसली होती, ऊन उतरत होतं, आणि मग सगळ्यांचा मिळून एकच आवाज उठला. आक्काला पुस्तक लागलं नाही, शेजारच्याकडे बघावं लागलं नाही. डोळे मिटून ती म्हणत होती आणि तिचा चेहरा कुठल्याही बाजूला वळलेला नव्हता, सरळ होता. कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की तिला सगळं दिसतं आहे.

तिथं बसल्या बसल्या मला अमरावतीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

माझ्या दुकानात तराजू आहे. माप चुकलं तर गिऱ्हाईक चोर ठरत नाही, मी ठरते. माप ज्याचं, त्यानं माप तपासायचं असतं. माझ्या बहिणीला जन्मभर एकच विद्या आली, ऐकून पाठ करणं. तिच्याच जोरावर ती जगली. अशा बायांच्या रांगेला ऐकू येईल असा एकच तक्ता दिवसभर न बदलता तुम्ही लावता, त्यांच्यासमोर न बोलणारीला बाजूला बसवता, आणि मग सगळ्यांनी बरोबर सांगितलं की खूश होऊन उत्तम लिहिता. हे तुमचं माप आहे. ते खोटं होतं.

सांगलीला आल्यावर मी हे सगळं लिहून संस्थेला पाठवलं. उत्तर आलेलं नाही. आक्का दोन ठिपके सकाळ-संध्याकाळ आणि एक ठिपका झोपताना न चुकता घालते आहे.

तेव्हा आता सगळ्यांसमोर विचारते. तक्ता का फिरवला नाही? पुढच्या यंत्रावर सगळ्यांना का बसवलं नाही? ती ओळ कुणाच्या डोळ्यांसाठी छापली? आणि ती कोरकू बाई, जिला तुम्ही बाजूला बसवलंत, तिचे डोळे कुणी तपासले? ती आज कुठं आहे, तिला काय दिसतं? मला पत्र नको, इंग्रजी तर नकोच. ज्यानं उत्तम लिहिलं आणि ज्यानं त्याला तसं लिहायचा नियम करून दिला, त्या दोघांनी तिवश्याला उतरावं, आक्काच्या ओसरीवर तिच्या डाव्या बाजूला बसावं, आणि तिला समजेल अशा बोलीत, तोंडानं, उत्तर द्यावं. ती एकदा ऐकेल आणि तिला ते पाठ होईल. म्हणून खरं बोलावं.